व्हय म्हाराजा

तळाशीलला आमचं घर दोन पाण्यांच्या मध्ये आहे.
पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी.
पाहुणे विचारतात, झोप कशी लागते रे इथे?
मी म्हणतो, ऐकूच येत नाही आता काही.
हे मी कौतुकाने सांगायचो.

मासेमारीची बंदी उठली त्या सकाळी
वासू रेवंडकर नारळ घेऊन पाण्याशी उभा राहिला.
मागे आम्ही चाळीसएक जण, हात जोडून.
"होड्यो सुखरूप भायर जांवदेत."
व्हय म्हाराजा.
"जाळ्याक माशे लागांदेत."
व्हय म्हाराजा.
"कोणाची वाकडी नजर असात तर ती..."
इथे वासूला ठसका लागला.
नुसता ठसका. खोकला, आवंढा गिळला.
आणि मी त्या ठसक्याला म्हणालो,
मोठ्याने, एकटाच:
व्हय म्हाराजा.

प्रकाश जुगलकर फिसकन हसला. मीही हसलो.
पण दुपारी कुणाच्या तरी इंजिनाचा
कार्बोरेटर उघडून बसलो होतो,
तेव्हा तो ठसका परत आला. घशात नव्हे,
त्याच्याही मागे, शब्द जिथून निघतात तिथे.
कारण मी म्हणालोच नव्हतो.
तोंडाने म्हटलं, मी नंतर पोचलो,
एस्टी सुटल्यावर स्टँडवर पोचावं तसा,
तिकीट मात्र माझ्या नावावर फाटलेलं.

मग पाळत ठेवली.
चहात साखर कमी, म्हणजे हिला आता माझी पर्वा नाही.
व्हय म्हाराजा.
पांढऱ्या शर्टातला माणूस बंदरावर आला, म्हणजे लुटायलाच.
व्हय म्हाराजा.
मी तापट नाही, लोक तापवतात.
व्हय.
वडील तसे होते, मी त्यांच्यासारखा नाही.
हे म्हणताना माझा अंगठा पान्याच्या दांड्यावर घासत होता,
अगदी त्यांचा घासायचा तसा.

कोण घालतंय हे गाऱ्हाणं?
पुढे पाहिलं तर नारळ धरून कुणीच नव्हतं.
नुसती मागची माणसं,
मेलेली, जिवंत, शाळेतली, बाजारातली,
सगळी माना लववून उभी.
त्यांतला मी कुठला, ओळखू येईना.

मग शहाणपण सुचलं.
म्हटलं, तू निदान बघतोयस तरी.
बाकीच्यांना एवढंही कळत नाही.
आणि आतून, खुशीत, भरदार आवाजात:
व्हय म्हाराजा.

त्या रात्री समुद्र ऐकू आला.
आवडला नाही.

कपाटाच्या खणात, विजेच्या बिलांखाली,
नर्सिंग कॉलेजचा फॉर्म होता. कोल्हापूरचा.
निशिगंधाने तो माझ्यापुढे ठेवला होता
आणि न वाचताच मी म्हटलं होतं,
मुलींना इतक्या लांब पाठवत नाही आपण.
आपण.
केवढी गर्दी होती त्या शब्दात,
आणि त्यांतल्या एकानेही फॉर्म उघडला नव्हता.
मुदत अजून नऊ दिवस होती.

ओहोटी लागायच्या आधी खाडी थांबते.
होडीची दोरी सैल पडते,
नाळ कुठे वळवावी होडीला कळत नाही.
दोन-चार मिनिटं. मग पाणी ठरवतं.
तेवढ्यात मी फॉर्म घेऊन मागच्या पडवीत गेलो.
ती कोळंबी सोलत होती.
म्हटलं, निशा, हे कोल्हापूरचं...

वाक्य अजून माझ्या तोंडातच होतं.
"नको बाबा," ती म्हणाली, मान खालीच,
"मला नाहीच जायचं तसं."
बोटं थांबली नव्हती.
डोकं वेगळं, साल वेगळी, काळा दोरा वेगळा.

मी पायरीवर बसलो.
म्हटलं, मी काय विचारणार होतो,
ते तर तू ऐकलंच नाहीस.

तिचा हात थांबला.
मागे दोरी करकरली,
कुठल्या बाजूने ताण आला, ते मात्र कळलं नाही.